धावायला जाण्यापूर्वी साखरेचा चहा प्यायला तर चरबी जळत नाही, असं ट्रेनर म्हणतो. खरं आहे का?

खरं आहे, पण त्या तेवढ्या तासापुरतंच.

साखर पोटात गेली की रक्तातलं ग्लुकोज वाढतं आणि मागोमाग इन्शुलिन. हे इन्शुलिन साखर पेशींत पोचवतंच, शिवाय चरबीच्या कोठाराचं दारही लोटून घेतं. रक्तात मेदाम्लं (चरबीतून सुटणारं इंधन) कमी उतरतात, मग स्नायू हाताशी असलेली साखरच जाळतात. हे श्वासावरून मोजताही येतं. बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर निव्वळ चरबीवर ०.७ असतं, निव्वळ साखरेवर १.

पण तुमच्या चहातली दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम, ४० कॅलरी. तेवढ्यानं वजनाचं काही अडत नाही. सकाळी चरबी कमी जळली तर उरलेल्या दिवसात ती जास्त जळते. वजन ठरतं ते दिवसभरात काय खाल्लं आणि किती खर्चलं यावर. (धावून आल्यावर दोन प्लेट पोहे हाणणारे आमच्या ग्रुपमध्येही आहेत.)

मला विचाराल तर चरबीपेक्षा वेळेकडे बघा. एकदा स्वारगेटला बस पकडण्याआधी मी मोठा ग्लास भरून ग्लुकोजचं पाणी प्यायलो. पाऊण तासानं सिंहगड चढायला लागलो आणि पंधराव्या मिनिटाला पायांत गोळे, थंडगार घाम, हात थरथरतायत. इन्शुलिन शिगेला असतानाच स्नायूंनीही साखर ओढायला सुरुवात केली, की रक्तातली पातळी धाडकन खाली येते. १९७९ मध्ये अमेरिकेत व्यायामशास्त्रज्ञ डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी असाच प्रयोग केला होता: व्यायामाच्या ३० ते ४५ मिनिटं आधी ७५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, तर जोरदार सायकलिंगमध्ये लोक १९ टक्के लवकर थकले. पुढच्या बऱ्याच प्रयोगांत मात्र असा तोटा दिसला नाही. सगळ्यांनाच हा त्रास होत नाही. मी बहुधा त्या दुर्दैवी मंडळींपैकी.

व्यायाम सुरू झाला की ॲड्रेनालिन इन्शुलिनला आवरून धरतं. म्हणून निघण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी किंवा धावताना घेतलेली साखर सहसा बाधत नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा.

बाकी चहा प्या, बुटांच्या नाड्या बांधा आणि निघा. कप ठेवून पेपर उघडलात की अर्धा तास गेलाच आणि इन्शुलिन शिगेला पोचलंच म्हणून समजा.