पाचारण पारखणाऱ्या गटाविषयी

प्रभूमध्ये प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र मिळाले. परक्या भाषेच्या आणि परक्या चालीरीतींच्या लोकांमध्ये सुवार्तेच्या सेवेसाठी प्रभू आपल्याला बोलावत आहे, असे तुला गेले वर्षभर वाटते आहे, आणि त्याविषयी एकटीने प्रार्थना करून थकल्यावर, तुझ्यासारखेच पाचारण मनात घोळवणाऱ्या पाच जणांना घेऊन एक गट सुरू करण्याचे तू ठरवले आहेस. गट अवश्य सुरू कर. मात्र ज्या गटाचे वर्णन तू केले आहेस तो मला पटलेला नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्याविषयीच आहे.

तुझ्या यादीतले सगळेच जाऊ इच्छिणारे आहेत. तरुणपणी मीही असाच गट केला होता. आम्ही सहा जण होतो, सहाही जणांना जायचे होते, आणि म्हणूनच एकानेही दुसऱ्याला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्याच्या पाचारणावर बोट ठेवले तर उद्या आपल्याही पाचारणावर कोणी तरी बोट ठेवील, हे प्रत्येकाला आतून ठाऊक होते. बैठका मोठ्या गोड होत. नकाशा पसरला जाई, गीते म्हटली जात, डोळे पाणावत. आमच्यातला एक जण दीड वर्षाने खरोखरच गेला आणि वर्ष पुरे व्हायच्या आत परत आला. कोणाच्या हाताखाली काम करणे त्याला कधीच जमले नव्हते, आणि तिथे तर पहिली काही वर्षे हाताखालीच काढायची होती. त्याचा हा स्वभाव आम्हा पाचही जणांना माहीत होता. जाण्यापूर्वी तो त्याला कोणीही बोलून दाखवला नाही. ही गोष्ट मला अजून सलते.

बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय तू गटाचे नाव काढताच उद्धृत केला आहेस, तर तो जरा सावकाश वाच. अंत्युखियाच्या मंडळीतील, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातील, पाच जणांची नावे तिथे आहेत: बर्णबा, निग्र म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, हेरोदाबरोबर वाढलेला मनाएन आणि शौल, म्हणजेच पुढचा पौल. कुप्र बेटावरचा लेवी, उत्तर आफ्रिकेतल्या शहराचा रहिवासी, राजघराण्याच्या सावलीत लहानाचा मोठा झालेला गृहस्थ आणि तार्ससचा परूशी अशी ही माणसे एका आवडीमुळे जमलेली नव्हती. ती प्रभूची सेवा व उपास करत होती, आणि पवित्र आत्मा बोलला तो पाचांना ऐकू जाईल असा बोलला, जरी जायचे दोघांनाच होते. शौलाला परराष्ट्रीयांकडे पाठवले जाईल हे तर दिमिष्कातच, कितीतरी वर्षे आधी, सांगितले गेले होते. म्हणजे पाचारण गटाने दिले नाही. गटाने ते ऐकले, उपास व प्रार्थना करून पुन्हा तपासले आणि मग हात ठेवून त्या दोघांची पाठवणी केली. हात ठेवणारे तिघे मागे राहिले, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

पुढे सोळाव्या अध्यायात असेच आहे. आशियात (म्हणजे त्या नावाच्या रोमी प्रांतात, आजच्या खंडात नव्हे) वचन सांगण्याची मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिले गेले नाही, आणि त्रोवसात रात्री पौलाला मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. दृष्टान्त एकट्याला झाला, पण त्यावरून देवाने आपल्याला बोलावले आहे हे अनुमान काढताना या पुस्तकाचा लेखक लूक अनेकवचन वापरतो. पौलासारख्या माणसाचाही दृष्टान्त सोबत्यांसमोर मांडला गेला आणि त्यांनी मिळून त्याचा अर्थ लावला, तर 'प्रभूने मला सांगितले' या एका वाक्याने गटातली चर्चा बंद पाडण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? गटाच्या पहिल्याच बैठकीत हे वाक्य बाजूला ठेवा. 'मला असे वाटते, आणि का वाटते ते सांगते' एवढे म्हटले तरी पुरे. पारखायला जागा राहते.

मग गटात कोण असावे? जाऊ इच्छिणारे दोघे किंवा तिघे पुरेत. त्यांच्यासोबत परक्या संस्कृतीत राहून आलेले कोणी तरी हवे, आणि शक्य असेल तर ठरल्यापेक्षा लवकर परतलेले, कारण यशस्वी माणसाला आपल्या यशाची कारणे नीटशी माहीत नसतात. कुठेही न जाणारी, पण प्रार्थनेत आणि देणगीत सातत्य असलेली एखादी वडीलधारी व्यक्ती हवी. तुझा राग, तुझा आळस आणि तुझे रुसवे जवळून पाहिलेले एखादे माणूस हवे. ज्याची मातृभाषा तुमच्यापेक्षा वेगळी आहे असा विश्वासणारा मिळाला तर सोन्याहून पिवळे. तुमची 'सहज' वाटणारी वागणूक बाहेरून कशी दिसते हे तोच सांगू शकेल. पाळकांना सर्व कळू दे, पण त्यांना गटप्रमुख करू नकोस, कारण त्यांच्यासमोर आपण सगळेच थोडे अधिक आध्यात्मिक होतो. सातच्या वर माणसे नकोत.

क्वेकर ख्रिस्ती लोकांत सतराव्या शतकापासून एक प्रथा चालत आली आहे. लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याच्या बाबतीत सर्व काही स्पष्ट आहे ना, हे पाहण्यासाठी ती सुरू झाली आणि पुढे इतर निर्णयांसाठीही वापरली जाऊ लागली. चारपाच जण एकासोबत बसतात. सल्ला द्यायचा नाही, स्वतःचा अनुभव लांबवायचा नाही, फक्त प्रामाणिक प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत शांत राहायचे. मी पुढे ज्या गटांत बसलो तिथे हीच रीत ठेवली. सल्ला न देणे किती अवघड आहे हे पहिल्या अर्ध्या तासातच कळते, विशेषतः माझ्यासारख्या सल्ले देण्याची खोड जडलेल्या माणसाला. (हे पत्र त्याचाच पुरावा आहे.)

अशाच एका बैठकीत एक तरुण, ज्या लोकसमूहाकडे त्याला जायचे होते त्यांच्यावरील प्रेमाविषयी फार मनापासून बोलत होता. गटातील एका वृद्ध बाईंनी त्याचे बोलणे संपू दिले आणि विचारले, "त्या भाषेचे कोणी इथे राहते का?" तो म्हणाला, दोन गल्ल्या सोडून चारपाच कुटुंबे आहेत. "त्यांच्यापैकी कोणाच्या घरी तू कधी जेवला आहेस?" तो गप्प झाला. बाईही गप्प राहिल्या. आमच्यापैकी एकाने त्याची बाजू सावरायला तोंड उघडले, तेव्हा त्यांनी नुसता हात वर करून त्याला थांबवले. पुढच्या सहा महिन्यांत तो मुलगा त्या घरांत जाऊ लागला, त्यांची भाषा अडखळत बोलू लागला, लहान मुले हसली की ओशाळू लागला. तो पुढे गेला की नाही हे मी मुद्दाम सांगत नाही. जी पारख आमच्या प्रार्थनेच्या खोलीत होत नव्हती ती तिथे सुरू झाली, एवढेच तुला सांगायचे आहे. तेव्हा तुमच्या गटातही प्रत्येक जाऊ इच्छिणाऱ्याने अशा एखाद्या घरी नियमित जावे आणि तिथे काय घडले, विशेषतः काय फसले, ते बैठकीत सांगावे.

गटाला मुदत असू दे. पंधरा दिवसांनी एकदा, असे नऊ महिने किंवा वर्ष, आणि शेवटची तारीख आधीच ठरलेली. नाही तर 'आम्ही पारखत आहोत' ही जन्मभराची सोयीची अवस्था होऊन बसते. कर्ज, आजारी आईवडील, जडलेले एखादे व्यसन, मोडलेले नाते हे विषय उरकण्यासाठी शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. बैठकीत बोललेले बैठकीतच राहील, हे वचन सर्वांनी द्यावे.

'नाही' असे उत्तर आले तर गट वाया गेला का, असे तू विचारले आहेस. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विल्यम्स महाविद्यालयाचे पाच विद्यार्थी मोकळ्या जागी प्रार्थनेला जमले असता वादळी पावसात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. सॅम्युएल मिल्स याने तिथे आशियात सुवार्ता नेण्याची गोष्ट काढली. हार्वे लूमिस याने वेळ आलेली नाही म्हणून विरोध केला. त्या प्रार्थनेतून पुढे अमेरिकेतील परदेशी मिशनकार्याची चळवळ उभी राहिली आणि १८१० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झाले. पण त्या पाचांपैकी मिशनरी म्हणून आशियात गेला तो एकटा जेम्स रिचर्ड्स. १८१६ मध्ये तो सिलोनला (आजच्या श्रीलंकेत) पोचला आणि सहा वर्षांनी तिथेच वारला. खुद्द मिल्स आशियात कधीच गेला नाही. आता यातल्या चौघांचे पाचारण खोटे होते असे तू म्हणशील का? मला तर विरोध करणारा लूमिससुद्धा त्या गंजीपाशी हवाच होता असे वाटते.

मला गटात बसण्याची विनंती तू केली आहेस. मी बसणार नाही. तू जावेस असे मला फार मनापासून वाटते, आणि एवढ्या कारणासाठीच मी तिथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी, तुझ्याशी ज्याचे फारसे पटत नाही अशा, मंडळीतल्या एका विश्वासू माणसाचे नाव तू स्वतः शोधून काढ आणि त्याला विचार. त्याने होकार दिला की पहिल्या बैठकीची तारीख मला कळव. त्या संध्याकाळी मी इथे घरी प्रार्थनेला बसेन.

प्रभूच्या सेवेतील,
तुझा वडीलधारा मित्र