छाप्यानंतरचं वजन

प्रिय,

तुझी यादी मिळाली. बारा सिनेमे, चार मालिका, सहा पुस्तकं, आणि खाली प्रश्न : ड्रग्जच्या एखाद्या खटल्यावर मराठीत सत्यकथा लिहायची तर यातलं आधी काय बघू? सगळं बघितलंस तरी छापा कसा रंगवायचा एवढंच येईल. पकडलेला माल कुठे ठेवला, कोणी मोजला, किती भरला, प्रयोगशाळेत किती पोचला आणि शेवटी किती जळला, हे त्यातून कळणार नाही. या विषयातली अर्धी गोष्ट तिथे असते आणि बहुतेक सिनेमे त्याआधीच संपतात.

म्हणून यादी बाजूला ठेव. 'द फ्रेंच कनेक्शन' हा एकच सिनेमा घे आणि दोनदा बघ. मूळ प्रकरण न्यूयॉर्कमधलं, 1962 सालचं. फ्रान्सहून जहाजाने आणलेल्या ब्यूइक गाडीत हेरॉइन दडवलेलं होतं आणि गाडी होती फ्रान्समधल्या टीव्हीवरच्या एका कलाकाराच्या नावावर. रॉबिन मूरने त्यावर 1969 मध्ये पुस्तक लिहिलं, 1971 मध्ये सिनेमा आला. सिनेमावाल्यांनी गोष्ट दहा वर्षं पुढे ओढली आणि ब्यूइकची लिंकन केली. ज्याच्यासाठी सिनेमा लोकांच्या लक्षात राहिला तो रेल्वेपुलाखालचा पाठलाग तर मूळ प्रकरणात नाहीच. पहिल्यांदा बघताना तो पाठलाग मनसोक्त बघून घे. दुसऱ्यांदा वही घेऊन बस आणि पानावर तीन रकाने पाड : प्रसंग, सिनेमा काय म्हणतो, कागद काय म्हणतो. तिसरा रकाना बरेच दिवस रिकामा राहील. अंदाजाने भरू नकोस.

दुसऱ्या वेळी गॅरेजच्या प्रसंगाशी थांब. पोलिसांनी गाडी पुरती सुटी केली आहे आणि हाती काहीच लागलेलं नाही. मग गाडी आली तेव्हाचं वजन कंपनीच्या आकड्याशी ताडून बघतात आणि ते 120 पौंड, म्हणजे साधारण 54 किलो जास्त निघतं. मग दारांखालच्या पोकळ पट्ट्या उचकटतात आणि माल निघतो. सबंध सिनेमातला निर्णायक तपास गोळी न झाडता झाला, आणि तो झाला वजनकाट्यावर.

आता सिनेमात नसलेला भाग. जप्त केलेलं हेरॉइन न्यूयॉर्क पोलिसांच्या मुद्देमाल कोठडीत पडून होतं. सिनेमाला ऑस्कर मिळालं एप्रिल 1972 मध्ये आणि त्याच वर्षी डिसेंबरात कळलं की कोठडीतल्या पिशव्यांत पांढरं पीठ आहे. पिशव्यांत किडे दिसले तेव्हा संशय आला. हेरॉइनला किडे लागत नाहीत. कोर्टात दाखवायचा आहे म्हणून रीतसर सही करून माल बाहेर नेला जायचा आणि तितक्याच वजनाचं पीठ परत यायचं. या आणि इतर खटल्यांतलं मिळून सुमारे 400 पौंड हेरॉइन आणि कोकेन असं गेलं. नोंदवहीत सही होती, वजन जुळत होतं, त्यामुळे पिशवी उघडून बघायचं कोणाला सुचलं नाही. तुझ्या पुस्तकात पाठलाग नसला तरी चालेल, पण ही नोंदवही असलीच पाहिजे.

बघण्याची आणखी एक सवय लाव. सिनेमा संपल्यावर काळ्या पडद्यावर जी वाक्यं येतात ती शब्दशः उतरवून घे, कारण सगळ्यात कमी तपासलेला मजकूर तोच असतो. 2007 च्या 'अमेरिकन गँगस्टर'च्या शेवटी लिहिलं होतं की न्यूयॉर्कचा हेरॉइन तस्कर फ्रँक लुकास याने दिलेल्या माहितीमुळे न्यूयॉर्कमधल्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेच्या तीन चतुर्थांश लोकांना शिक्षा झाली. संघीय यंत्रणेतल्या माजी अधिकाऱ्यांनी दावा लावला. न्यायाधीशांनी तो फेटाळला, पण ते वाक्य साफ खोटं आहे हेही सुनावलं. त्याच लुकासची दुसरी गोष्ट म्हणजे व्हिएतनाममधून सैनिकांच्या शवपेट्यांतून हेरॉइन आणल्याची. त्याचा जोडीदार आयके अॅटकिन्सन शेवटपर्यंत सांगत राहिला की शवपेट्या नव्हत्या, सागवानी फर्निचर होतं. गुन्हेगाराची आठवण हा पुरावा नव्हे, ते त्याचं कथन आहे. 'लुकासच्या म्हणण्याप्रमाणे' हे दोन शब्द लिहायला आळस करू नकोस.

कोलंबियाचा कोकेन तस्कर पाब्लो एस्कोबार याच्याबद्दल फार लिहीत नाही, त्याच्यावर आधीच गरजेपेक्षा जास्त लिहून झालंय. 2 डिसेंबर 1993 रोजी मेडेयीनमधल्या एका घराच्या छपरावर तो मेला. त्याचा फोन हुडकून काढला तो कोलंबियन पोलिसांच्या रेडिओ-दिशादर्शक पथकाने. 'नार्कोज' मालिका ज्याच्या तोंडून गोष्ट सांगते तो अमेरिकन अधिकारी तिथे पोचला नंतर, आणि त्याने फोटो काढले. एक व्यवहारातली गोष्ट मात्र लक्षात ठेव : ज्या देशात घटना घडली तिथेच कागद असतील असं नाही. 27 नोव्हेंबर 1989 ला बोगोटाहून कालीला निघालेलं अवियांकाचं विमान बॉम्बने फुटलं. विमानातले 107 आणि जमिनीवरचे 3 माणसं गेली. मेलेल्यांत दोघे अमेरिकन नागरिक होते, म्हणून त्या स्फोटाबद्दलचा एक खटला चालला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणि त्याचे कागद इंग्रजीत आहेत. स्पॅनिश येत नाही म्हणून हात टेकण्याआधी असे खटले शोध.

आता तुझ्या कामाकडे. महाराष्ट्रातलं प्रकरण घेणार असशील तर बातमीपासून सुरुवात करू नकोस, निकालापासून कर. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात. दोषारोपपत्र संकेतस्थळावर मिळणार नाही, ते सार्वजनिक दस्तऐवज नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं आहे. त्यासाठी बचाव पक्षाच्या वकिलाला गाठ, किंवा कोर्टात प्रमाणित प्रतींसाठी अर्ज कर. तू खटल्यातला पक्षकार नाहीस, म्हणून अर्जात कारण लिहावं लागेल. सरळ खरं कारण लिही.

निकाल हातात आला की वरून खाली वाचू नकोस. आधी साक्षीदारांची यादी बघ. छापा घालणारा अधिकारी शेवटी वाच. त्याआधी पंच, मुद्देमाल कारकून आणि प्रयोगशाळेपर्यंत माल घेऊन गेलेला शिपाई यांच्या साक्षी वाच. खटले बहुतेक वेळा या तिघांपाशीच कोसळतात. पंच फितूर होतो, किंवा उलटतपासणीत निघतं की हा पंच त्याच पोलिस ठाण्याच्या दहा पंचनाम्यांत आहे. शिपायाला आठवत नाही की पाकीट त्याने सकाळी नेलं की आदल्या दिवशी, आणि रात्रभर ते कुठे होतं.

मग एका कागदावर एकाच मालाची पाच वजनं मांड : पंचनाम्यातलं, मालखान्याच्या नोंदवहीतलं, एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 52अ खाली दंडाधिकाऱ्यासमोर केलेल्या यादीतलं, प्रयोगशाळेच्या अहवालातलं (कोर्टात त्याला सगळे सी.ए., म्हणजे केमिकल अॅनालायझरचा, रिपोर्ट म्हणतात) आणि दोषारोपपत्रातलं. प्रत्येकापुढे तारीख, आणि लाखेच्या सीलवर कोणाचा ठसा होता ते लिही. पाचही आकडे ग्रॅमपर्यंत तंतोतंत जुळले तर मला थोडी शंका येईल. ओला गांजा वाळतो, हलका होतो. एकदा पॉलिथिनसकट वजन होतं, एकदा पॉलिथिन काढून. नमुने काढले की तेवढं वजन घटलंच पाहिजे. जुन्या प्रकरणांत केंद्र सरकारच्या 1989 च्या स्थायी आदेशाप्रमाणे जागेवरच नमुने काढत : हेरॉइनसारख्या पदार्थाचे 5 ग्रॅम, अफू, गांजा, चरसाचे 24 ग्रॅम, तेही दोन-दोन. ते 72 तासांत प्रयोगशाळेकडे रवाना करायचे, हे 1988 च्या स्थायी सूचनेतलं. डिसेंबर 2022 पासून नवे नियम आहेत आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे आहेत. 2015 च्या छाप्याला 2022 चा नियम लावून पोलिसांची चूक दाखवशील तर पहिलाच वाचणारा वकील पुस्तक मिटून ठेवेल.

या ग्रॅमांसाठी एवढा आटापिटा का, ते बघ. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात शिक्षा प्रमाणावर ठरते. हेरॉइन 5 ग्रॅमच्या आत अल्प, 250 च्या वर व्यापारी. गांजा 1 किलो आणि 20 किलो, चरस 100 ग्रॅम आणि 1 किलो, कोकेन 2 आणि 100 ग्रॅम, एमडी (मेफेड्रोन) 2 आणि 50 ग्रॅम. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्ष, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस. व्यापारी प्रमाण ठरलं की कलम 37 मुळे जामीनही जवळपास बंद.

पुढचा प्रश्न : वजन कशाचं धरायचं? ई. मायकल राज यांच्या खटल्यात 4 किलो 70 ग्रॅम पावडर होती आणि तीत हेरॉइन होतं दीड टक्क्याच्या आसपास. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये शुद्ध हेरॉइन मोजलं, ते भरलं सुमारे 60 ग्रॅम, म्हणजे मधलं प्रमाण. हीरा सिंग निकालात 2020 मध्ये न्यायालयाने तो विचार मोडीत काढला. आता भेसळीसकट सगळं वजन धरायचं. तीच पिशवी आज व्यापारी प्रमाणाच्या सोळापट. म्हणून पहिल्या पानावर 'चार किलो हेरॉइन' लिहिण्याआधी सी.ए. रिपोर्टात टक्केवारी आहे का ते बघ. पुष्कळदा नुसतं 'हेरॉइन आढळले' एवढंच असतं. मग तूही तेवढंच लिही.

गांजाची गंमत वेगळी. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. कपाशीच्या शेतात लावलेली गांजाची झाडं मुळासकट उपटली, मातीसकट मोजली आणि 24 किलो लिहिलं, तर शेंडे किती होते हा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच. तू त्याच्या आधी विचार.

किमतीचं वेड सोड. 'आंतरराष्ट्रीय बाजारात इतके कोटी' हे वाक्य प्रसिद्धीपत्रकातून बातमीत आणि बातमीतून पुस्तकात जसंच्या तसं उतरतं. बहुतेक वेळा ग्रॅमचा किरकोळ भाव एकूण वजनाने गुणलेला असतो. ठोक भाव, वाटेतली भेसळ, शुद्धता यांचा हिशेब कोणी केलेला नसतो. वजन छाप, किंमत गाळ.

झडतीचा प्रसंग सिनेमात तीन सेकंदांचा : हिरो कॉलर धरतो, खिशातून पुडी काढतो. कलम 50 प्रमाणे अंगझडतीआधी त्या माणसाला सांगावं लागतं की तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या असं मागायचा तुला हक्क आहे. न सांगता मिळालेल्या पुडीवर शिक्षा उभी राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1999 मध्येच ठरवून दिलंय. हे अंगझडतीला लागू, हातातल्या बॅगेला नाही. तेव्हा पुडी खिशात होती की पिशवीत, हा तपशील तुझ्या पुस्तकात गाडीच्या रंगापेक्षा महत्त्वाचा. आणि कृपा करून 'तांत्रिक कारणावरून सुटला' असं कधीही लिहू नकोस. या कायद्यात कलम 35 आणि 54 मुळे निर्दोषत्व सिद्ध करायचं ओझं बरंचसं आरोपीवर येतं. त्या बदल्यात त्याच्याकडे ही कार्यपद्धतीच असते, दुसरं काही नसतं.

कबुलीजबाबही जपून वापर. कलम 67 खाली अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून चालणार नाही, असा तोफान सिंग निकाल ऑक्टोबर 2020 चा. त्याआधीच्या बातम्यांमधली रसभरित कबुली उचलून संवाद लिहायचा मोह होईल. लिहायचाच असेल तर तो जबाब आहे, कोणी कुठे नोंदवला, कोर्टाने मानला की नाही, हे त्याच पानावर सांग. सुटलेल्या माणसाचं नाव पुन्हा छापण्याआधी अपील चालू आहे का ते बघ आणि हस्तलिखित वकिलाला दाखव.

भाषेबद्दल एकच. ऐंशीच्या दशकातल्या मुंबईची गोष्ट असेल तर 'ब्राऊन शुगर' लिहून थांबू नकोस. लोक 'गर्द' म्हणत होते, आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. पंचनाम्यात मात्र 'तपकिरी रंगाची, उग्र वासाची पावडर' असतं. दोन्ही भाषा पुस्तकात येऊ देत, पण एकमेकींत मिसळू नकोस. पोलिस पंचनाम्याच्या भाषेत बोलत नाहीत, तसा नाक्यावरचा पोरगाही बोलत नाही.

खटला संपला तरी वजनांचा तो कागद फाडू नकोस, त्यावर सहावा रकाना पाड. निकालानंतर, कधी आधीही, समितीसमोर माल भट्टीत जाळतात आणि त्याचा दाखला तयार होतो. तो मिळव. त्यावर जाळलेलं वजन आणि तारीख असते. त्या वजनात काढलेल्या नमुन्यांचं वजन जोड आणि पंचनाम्यातल्या आकड्याशी ताडून बघ. फरक निघाला तर आधी मुद्देमाल कारकुनाला भेट. सकाळी अकराच्या सुमारास जा, दुपारनंतर तो कोर्टात असतो.