घरच्या एस्प्रेसो मशीनचा जुना प्रेशरस्टॅट (वाफेच्या दाबावर हीटर चालू-बंद करणारा स्विच) काढून पीआयडी (तापमान सतत मोजून हीटर सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) बसवला तर कॉफीत फरक पडतो का?

पडतो, पण तुम्हाला वाटतोय तेवढा नाही. आणि ते "जुना काढून" लिहिलंय ना, तिथेच थांबा, कारण मी काढून बसलोय.

माझं मशीन हीट एक्स्चेंजरवालं (कॉफीचं पाणी वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत तापतं ते), १४०० वॉटचं, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ओट्यावर मिक्सरशेजारी. प्रेशरस्टॅट १.० बारला टक करून चालू, १.३ ला टक करून बंद, म्हणजे बॉयलर १२० ते १२५ अंशांत वरखाली. आमचे साडू भोसरीला इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, त्यांना ती टकटक ऐकवेना. "अहो हे काय इस्त्रीसारखं, फेका ते, पीआयडी टाकू." एका रविवारी सेन्सर, कंट्रोलर, एसएसआर (कंट्रोलरच्या हुकमावर हीटरची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले) सगळं बसवलं आणि खोटं कशाला बोलू, बॉयलरच्या प्रेशर गेजचा काटा १.१ वर असा चिकटून बसला की मी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. फक्त एसएसआर त्यांनी डबल टेपने आतल्या पत्र्याला चिकटवला, हीट सिंक नाही. विचारलं तर म्हणे २५ अँपिअरचा आहे, तुमचा हीटर ६ खातो, काय होतंय. अहो ६ अँपिअरलाही तो सात-आठ वॉट उष्णता सोडतो, ती जाणार कुठे, शेजारी बॉयलर तापलेला.

तीन आठवड्यांनी सकाळी आई पोहे परतत होती, मी फ्रीजमधून दूध काढतोय, तेवढ्यात असा फुस्स आवाज की आई म्हणाली, "कुकर कुणी लावला?" काटा १.८ च्या पुढे, सेफ्टी व्हॉल्व्ह उडालेला, ओटाभर वाफ. आणि कंट्रोलरवर आउटपुटचा दिवा चक्क बंद! एसएसआर जातो तो बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो, मग पीआयडी बंद कर म्हणत राहतो आणि हीटर चालूच. स्विच बंद करताना मनगट भाजलं, डाग आहे अजून.

म्हणून जुना प्रेशरस्टॅट हीटरच्या लाइनमध्ये सिरीजमध्येच ठेवा, दीड बारच्या आसपास सेट करून, म्हणजे एसएसआर शॉर्ट झाला तरी हीटरची वीज तो तोडेल. पीआयडी नीट चालला तर तो नुसता बसून राहील, बसू दे. ओव्हरहीट थर्मोस्टॅट (फार तापलं की हीटर तोडणारा) बायपास करायचा तर विषयच नको (हेही साडूंनी सुचवलेलं).

चवीचं म्हणाल तर हीट एक्स्चेंजरमध्ये कॉफी काढण्याआधी नळीतलं जास्त तापलेलं थोडं पाणी सोडून देण्याने जेवढा फरक पडतो तेवढा मला पीआयडीने नाही जाणवला. दूधवाली कॉफी पीत असाल तर पैसे ग्राइंडरवर घाला. आणि काटा पूर्वीपेक्षा जास्त झुलायला लागला असेल तर आधी प्रेशरस्टॅटकडे जाणारी बारीक नळी उघडून बघा, बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर क्षाराने भरलेली असेल. तेवढं साफ करून भागलं तर बरंच.

हां, आणि हे सगळं प्लग काढून, मशीन पूर्ण गार झाल्यावर, अर्थिंग तपासून. वॉरंटीत असेल तर हातच लावू नका. कॉफीतून पाणी ढकलणाऱ्या पंपाच्या ९ बारशी बॉयलरच्या या दाबाचा संबंध नाही, ते वेगळं प्रकरण.

साडू अजून म्हणतात एसएसआर डुप्लिकेट निघाला. असेल. पण पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिक बाजारातनं तो आणला कुणी विचारलं की त्यांना फोन येतो.