वाचकांचे प्रश्न : छापलेला क्रमांक एक, चिपमधला दुसरा

प्रश्न : खोक्यांसाठी आम्ही आरएफआयडी प्रिंटरवर, म्हणजे छापतानाच लेबलातल्या रेडिओ-चिपमध्येही क्रमांक लिहिणाऱ्या प्रिंटरवर, लेबले काढतो. लेबलावर १२३४५६ हा क्रमांक नीट उमटतो. परंतु रीडर तेच लेबल वाचतो तेव्हा ३१३२३३३४३५३६ आणि पुढे बारा शून्ये दिसतात. शिवाय अधूनमधून प्रिंटर एखादे लेबल बाद करून पुढच्यावर छापतो. प्रिंटर बिघडला आहे काय?

उत्तर : पहिल्या तक्रारीत प्रिंटरचा दोष नाही, त्याला जे सांगितले तेच त्याने लिहिले आहे. आपल्या लेबलाच्या आराखड्यात माहितीचा प्रकार ‘आस्की’ निवडलेला दिसतो. त्या पद्धतीत १ हा अंक संख्या म्हणून नव्हे, तर अक्षर म्हणून साठवला जातो आणि त्याचा हेक्साडेसिमल (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीतला) संकेत ३१ असतो, २ चा ३२, आणि याच क्रमाने पुढे. रीडर मात्र चिपमधले बिट सरळ हेक्साडेसिमलमध्ये दाखवतो. तेव्हा प्रकार ‘हेक्स’ करावा आणि ९६ बिटांच्या ईपीसीसाठी, म्हणजे चिपमधल्या ओळख-क्रमांकासाठी, नेमकी २४ चिन्हे (एक चिन्ह चार बिटांचे) पाठवावीत, म्हणजे १२३४५६ च्या डावीकडे अठरा शून्ये जोडावीत. रिकामी जागा कोणत्या बाजूने भरायची हे प्रिंटरवर सोडू नये. काही सॉफ्टवेअर दशमान संख्येचे आधी हेक्समध्ये रूपांतर करतात. तसे झाल्यास रीडरवर १ई२४० दिसेल, तीही चूक नव्हे, फक्त वाचणाऱ्याला ते ठाऊक हवे.

हे अंतर्गत वापरापुरते झाले. माल इतर व्यापाऱ्यांकडे जाणार असेल, तर मनाने क्रमांक न रचता जीएस१ या बारकोडचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या एसजीटीआयएन-९६ रचनेप्रमाणे (वस्तूचा क्रमांक आणि प्रत्येक नगाचा अनुक्रमांक) लिहावे. तिची सुरुवात हेक्समधल्या ३० ने होते, वस्तूच्या क्रमांकातला शेवटचा तपासणी-अंक तीत साठवला जात नाही आणि अनुक्रमांकाला ३८ बिट मिळतात. त्यामुळे तो २७४८७७९०६९४३ पलीकडे जाऊ शकत नाही, त्यात अक्षरे चालत नाहीत आणि त्याच्या आरंभीची शून्ये टिकत नाहीत.

लेबल बाद होण्याचे कारण बहुधा जागेत असते. चिप आणि अँटेना लेबलात नेमक्या कुठे आहेत हे प्रिंटरला कळावे लागते; म्हणून लेबलांचा प्रकार बदलला की आरएफआयडी कॅलिब्रेशन पुन्हा करावे. लिहिण्याची शक्ती वाढवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण तिने शेजारच्या लेबलाची चिपही उत्तर देऊ लागते आणि एकाचा क्रमांक दुसऱ्यावर जाऊ शकतो, जे बाद लेबलापेक्षा फार वाईट, कारण ते वरून दिसत नाही. शक्ती आधी कमी ठेवून चिप विश्वासाने लिहिली जाईल इतपतच वाढवावी. मग सलग काही लेबले काढून, ती एकमेकांपासून दूर ठेवून, प्रत्येकीचा ईपीसी व चिपचा कारखान्यात लिहिलेला टीआयडी (तिची स्वतःची ओळख) एकत्र वाचावा आणि ईपीसी छापील क्रमांकाशी ताडून पाहावा. ही पडताळणी होईपर्यंत चिपला कायमचे कुलूप लावू नये, कारण ते पुन्हा उघडता येत नाही.