वडील १९५६ पूर्वी वारले असतील तर मुलीला हिस्सा नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे म्हणे. मग माझ्या आईचा हक्क संपला का? मामांवर पोलिसात फसवणुकीची तक्रार करता येईल का?

तुमच्या मामांनी पाठवलेली ती बातमी मलाही आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळी सहाच्या सुमारास, सख्ख्या धाकट्या भावाकडून. खाली एकच ओळ, 'आता तरी कळलं का ताई?' आणि पुढे जोडलेले हात. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मी देणारच. शाळेत तीस वर्षं शिकवलंय, पाल्हाळाची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी तुमचं. तुम्ही लिहिलंय की आजोबा १९५४ साली गेले, आजी १९८१ साली. मागे एक मामा आणि तुमची आई. जमीन साडेचार एकर, सातबाऱ्यावर एकटे मामा. मामा म्हणतात हायकोर्टानेच निकाल दिला, विषय संपला.

निकाल खरा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ चा, न्यायमूर्ती चांदूरकर आणि न्यायमूर्ती जैन यांच्या खंडपीठाचा. पण मथळ्याच्या खाली कुणी उतरत नाही. त्या खटल्यातले गृहस्थ १९५२ मध्ये वारले. त्यांची दोन लग्नं झालेली. पहिली बायको आधीच गेलेली, दुसरी मागे राहिली. हिस्सा मागत होती ती पहिल्या बायकोची मुलगी. कोर्टाचं म्हणणं असं, की वारस कोण हे माणूस मेला त्या दिवशीच्या कायद्याने ठरतं. त्या दिवशी होता हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा १९३७ चा कायदा. त्याने विधवेला हिस्सा दिला, तिच्याबरोबर मुलीला दिला नाही. मग नंतरच्या १९५६ च्या किंवा मुलीला जन्माने हक्क देणाऱ्या २००५ च्या कायद्याने त्या जुन्या मृत्यूचे वारस बदलत नाहीत.

तुमचे आजोबाही १९५६ च्या आधीच गेले, म्हणजे आजोबांकडून आईला थेट काही मिळत नाही. इथपर्यंत मामांचं बरोबर.

पण आजीचं काय? १९५४ ला जो हिस्सा आजीला आला तो हयातीपुरता होता, विकायची मुभा नव्हती. १७ जून १९५६ ला हिंदू वारसा कायदा आला आणि त्याच्या कलम १४ ने असा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला. आजी तेव्हा जिवंत होती. म्हणजे १९८१ ला ती गेली तेव्हा स्वतःच्या मालकीची जमीन मागे ठेवून गेली. बाईच्या वारसांचं कलम १५. त्यात मुलगा आणि मुलगी बरोबरीने. हायकोर्टातल्या त्या बाईंना हा रस्ता नव्हता, कारण जमीन मिळालेली विधवा त्यांची सावत्र आई होती आणि तिने मृत्युपत्र आपल्या पोटच्या मुलीच्या नावे केलं होतं. तुमच्या आईची ती सख्खी आई. सगळा फरक एवढाच, आणि तो मथळ्यात मावत नाही.

हिशेब रुपयात सांगते. आजोबांच्या मागे अर्धं मामांचं, अर्धं आजीचं. आजीच्या आठ आण्यांतले चार मामांना, चार आईला. म्हणजे आईचे चार आणे. आठ आणे मागायला जाऊ नका, तोंडावर पडाल. चार आणे सोडूही नका.

कुणी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवेल, की १९५६ पूर्वी वारलेल्या बापाच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत मुलीला हक्क दिला. तिथे ती एकुलती एक होती, मागे ना मुलगा ना विधवा. तुमच्या कामाचा नाही.

आता माझं. न विचारता.

माझे वडील १९९८ साली गेले. तेव्हा फेरफार झाला त्यात आई आणि भाऊ कब्जेदार म्हणून लागले आणि माझं नाव सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या बाजूच्या रकान्यात टाकलं. तलाठ्याला मी विचारलं, असं का? म्हणाला, 'बाई, मुलींची नावं तिथंच लावतात.' जसं काही कपबशीची जागा सांगतोय. मला तेव्हा कळत नव्हतं, आणि मास्तरीण असून कळत नाही हे कबूल करायची लाजही वाटत होती.

२००९ मध्ये भावाला विहिरीसाठी कर्ज हवं होतं. बँकेच्या वकिलाने सातबारा बघून इतर हक्कातलं नाव काढून आणा सांगितलं. भावाचा फोन आला, 'ताई, एक सही आहे फक्त, तालुक्याला ये.' मी गेले. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दहा-बारा माणसं बाकावर दाटीवाटीने बसलेली. भिंतीला पाठ लावून आई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीतून नव्या साडीचा काठ बाहेर आलेला. माझ्यासाठी. वहिनीने आणलेली, डाळिंबी रंगाची. दस्तलेखकाने आधीच टाइप करून ठेवलेलं हक्कसोडपत्र पुढे सरकवलं. मुद्रांक दोनशे रुपयांचा. मी वाचायला लागले तर म्हणाला, 'वाचायला काय आहे मॅडम, सगळ्यांचं सेमच असतं.' सातवीच्या मुलाने धडा न वाचता उत्तर लिहिलं की मला जसा राग येतो तसा आला.

तरी सही करणार होते, खोटं कशाला बोलू? पेन हातात होतं. नंबर लागला, कॅमेऱ्यासमोर बसवलं, आणि साहेबांनी मान वर न करता विचारलं, 'राजीखुशीने सोडताय ना?' हा प्रश्न ते रोज शंभर जणांना विचारत असतील. मी म्हटलं, 'नाही.' कसं निघालं तोंडातून मला अजून माहीत नाही. साहेबांनी तेव्हा कुठे वर बघितलं. मग कागद बाजूला ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.

बाहेर आल्यावर भाऊ काही बोलला नाही. वहिनी बोलली. आई तर माझ्याकडे बघेचना. त्या वर्षीपासून भाऊबीज बंद. यजमानही म्हणाले, 'माहेरचं दार बंद करून घेतलंस एका सहीपायी.' त्यांच्याशी या विषयावर माझं आजतागायत पटलेलं नाही. त्यांच्या सख्ख्या बहिणीने हक्कसोड करून दिलंय, त्यामुळे ते कुठून बोलतात हे मला चांगलं ठाऊक आहे.

२०१२ मध्ये वाटपाचा दावा टाकला. दाव्याची कथा म्हणजे भिजत घोंगडं, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा फुलवती निकाल आला, की मुलीला जन्माने हक्क हवा तर ९ सप्टेंबर २००५ रोजी बाप जिवंत हवा. माझे १९९८ लाच गेलेले. वकिलांनी कागदावर गणित मांडलं, माझा हिस्सा नववा. पाच वर्षं मी नवव्या हिश्शाची बाई होते. मग ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकाल आला, बाप जिवंत असण्याची अट उडाली, आणि मी नवव्यावरून तिसऱ्या हिश्शावर आले. जमीन तीच, बाप तोच, मीही तीच. २०२२ ला प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे ठरवणारा हुकूम, माझ्या बाजूने झाला. भावाचं जिल्हा न्यायालयात अपील चालू आहे. आणि म्हणून ती पहाटेची बातमी.

मी काय केलं? पूर्ण निकाल उतरवून घेतला, दोन दिवस बसून वाचला, आणि ग्रुपवर लिहिलं, 'बाबा १९५२ ला नाही, १९९८ ला गेले. त्यांच्या तेराव्याला तूच वाढत होतास.' भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला. भाच्याने मात्र मला वेगळा मेसेज करून विचारलं, 'आत्या, खरंच का?' त्याला मी सगळा हिशेब लिहून पाठवला. घरातल्या एकाने तरी वाचावं.

आणि ते 'तुझ्या लग्नात खर्च केला' प्रकरण तुमच्या आईलाही ऐकवलं जाईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. लग्नाचा खर्च म्हणजे हिस्सा नव्हे. विनीता शर्मा निकालात नोंदणीकृत वाटप किंवा कोर्टाचं वाटप हवं असं आहे. तोंडी वाटपही फक्त अपवाद म्हणून, तेही सरकारी कागदांचा ठोस पुरावा असेल तरच चालतं. मांडव आणि बुंदी त्यात बसत नाही. माझ्या लग्नात बुंदी कमी पडली होती, ते वेगळं.

पोलिसांचं विचारलंत. जाऊ नका. ठाणे अंमलदार 'दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा' म्हणेल, आणि या वेळी तो बरोबर असेल. समजा गुन्हा दाखल झालाच, तरी मामा हायकोर्टात जातील. १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या भजनलाल निकालापासून असे गुन्हे रद्द करण्याची चौकट ठरलेली आहे. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग दिला, हे वाक्य अशा निकालांत इतक्या वेळा येतं की मला पाठ झालंय. उद्या मामांनी सगळी जमीन आपलीच म्हणून विकली तरी बनावट दस्ताचा गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये मोहम्मद इब्राहिम खटल्यात सांगितलंय. फसवणुकीची तक्रार करायची तर ती खरेदीदाराने, कारण पैसे त्याचे गेले.

फक्त एकच गोष्ट वेगळी. आईची खोटी सही किंवा दुसऱ्याच बाईचा अंगठा कुठे लावला असेल, तर तो गुन्हा. मग लेखी तक्रार द्या, पोच घ्या. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज. पण केवळ मामांना धाक बसावा म्हणून हे करू नका. माझ्या भावाने माझ्यावर शिवीगाळीची एन. सी., म्हणजे अदखलपात्र तक्रार, केली होती. त्याने धाक बसला नाही, उलट मी पुढच्या तारखेला अर्धा तास आधी जाऊन बसले.

वाटपाचा दावा टाका. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफीची १९९४ ची अधिसूचना आहे, वकील विसरले तर आठवण करा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. आजीने मृत्युपत्र केलं असेल तर वरचा चार आण्यांचा हिशेब मोडतो. जमीन कुळाची असेल तर गणित वेगळं. गाव मराठवाड्यातलं असेल तर १९५४ साली तिथे हैदराबाद राज्य होतं, तेव्हा १९३७ चा कायदा शेतजमिनीला कधीपासून लागला हे तिथल्या जुन्या वकिलालाच विचारा. मामा मुदत गेल्याचा मुद्दाही काढतील. सहहिस्सेदार नुसता जमीन कसतो म्हणून दुसऱ्याचा हक्क बुडत नाही, पण 'तुझा हिस्सा नाही' असं त्यांनी आईला उघड सांगून बारा वर्षं झाली असतील तर अडचण आहे. ती बातमी हे त्यांचं पहिलंच उघड नाकारणं असेल तर मेसेज जपून ठेवा, तारखेसकट. मी शिक्षिका आहे, वकील नाही, हेही लक्षात ठेवा.

तलाठ्याकडून १९८१ नंतरचे सगळे फेरफार काढा. आईचं नाव इतर हक्कात असेल तर उत्तमच, आजीची वारस म्हणून तिची नोंद तेव्हाच झालेली आहे.

आणि आईला एकटीला बसवून विचारा, कधी कुठे सही किंवा अंगठा दिला होता का. मामांसमोर नको, तुमच्या वडिलांसमोरही नको. त्या दिवशी मी कार्यालयातून बाहेर पडल्यावर माझ्या आईने आत जाऊन अंगठा दिला होता. तिला वाटलं सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे. तो तिच्या स्वतःच्या हिश्शाचा हक्कसोड होता, हे मला तीन वर्षांनी दाव्याच्या कागदांत कळलं, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.