लहान विद्यापीठातून संगणक आणि माहितीशास्त्र शिकल्याने मागे पडायला होतं का?

मूळ विषयांपुरतं बोलायचं तर नाही. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क, डेटाबेस, डिस्क्रीट गणित हे सगळीकडे जवळपास तेच असतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००२ पासून आपलं अभ्याससाहित्य इंटरनेटवर मोफत खुलं केलंय, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोडही कुणालाही वाचता येतो. साहित्याची अडचण आता फारशी उरलेली नाही.

लहान वर्गात प्राध्यापक तुम्हाला नावाने ओळखतात, ही मात्र मोठी गोष्ट आहे. तुमचा प्रोग्राम का अडकला हे शेजारी बसून कुणी समजावलं, तर ते आयुष्यभर लक्षात राहतं. त्यांच्या संशोधनात मदत करू का, असं पहिल्याच वर्षी विचारा. पुढे शिफारसपत्र लिहिताना त्यांच्याकडे तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काहीतरी असेल.

खरी उणीव ऐच्छिक विषयांची. कंपायलर किंवा माहिती शोधप्रणाली असे विषय दरवर्षी शिकवले जातीलच असं नाही. म्हणून प्रवेशाआधी गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष कोणते विषय शिकवले गेले, ते विचारा. माहितीपत्रकातल्या यादीवर जाऊ नका. कॅम्पसवर कंपन्याही कमी येतात, तेव्हा इंटर्नशिप स्वतःच शोधावी लागेल. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवून इतरांना दाखवता येणाऱ्या संकेतस्थळावर, नीट मांडलेलं काम तिथे फार उपयोगी पडतं.