क्रूझरला ‘आरामगाडी’ म्हणावं का?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज चालवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. क्रूझर आणि क्लासिक, म्हणजे लांबट, बसक्या, जुन्या पद्धतीच्या मोटारसायकली, यांच्या देखभालीचं मराठी पत्रक ते काढताहेत. त्यात क्रूझरला ‘आरामगाडी’ आणि क्लासिकला ‘अभिजात’ लिहिलं तर चालेल का, टॉर्क, व्हीलबेस, रेक, ट्रेल यांना आपल्याकडे शब्द आहेत का, आणि क्रूझर ‘तो’ की ‘ती’, असं त्यांनी विचारलंय.

‘आरामगाडी’ नका लिहू, दादा. एक तर आराम हा शब्द एसटीने आणि खासगी बसवाल्यांनी कधीच वापरून ठेवलाय. तो कानावर पडला की मागे रेलायची मऊ सीट डोळ्यांपुढे येते. दुसरं म्हणजे ते पुरतं खरंही नाही. साध्या मोटारसायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर भार टाकून बूड जरासं उचलतो आणि दणका पायांवर घेतो. क्रूझरला फूटरेस्ट पुढे असतात. पाय पुढे पसरलेले असताना उठणार कसं? सगळा भार माकडहाडावर. त्यात सीट खाली आणायची म्हणून मागच्या शॉकअपला वरखाली व्हायला जागाही बेताचीच ठेवलेली असते. कागलच्या पुढे महामार्गावर जी गाडी सुखाची वाटते, तीच पावसाळ्यानंतर शहरातल्या रस्त्यावर कंबर काढते. आरामच म्हणायचं असेल तर एसटीचाच ‘निमआराम’ जास्त प्रामाणिक ठरेल.

मग क्रूझर या शब्दात आहे तरी काय? शब्द मुळात दर्यावर्दी. डच खलाशी समुद्राचा एखादा पट्टा आडवातिडवा कापत फिरत राहायचे. त्या फिरण्याला त्यांच्याकडे जे क्रियापद होतं, त्याच्या मुळाशी क्रूस आहे, म्हणजे फुली. १७व्या शतकात ते इंग्रजीत आलं. आपल्याकडे ‘क्रूस’ पोर्तुगीजांकडून आला, तेव्हा तो आणि क्रूझर एकाच लॅटिन घराण्यातले दूरचे भाऊबंद. पुढे क्रूझर हे युद्धनौकेच्या एका जातीचं नाव झालं, आणि जहाज किंवा विमान ज्या वेगाला न थकता, कमी इंधनात तासन्‌तास जाऊ शकतं त्याला क्रूझिंग वेग म्हणू लागले. मोटारसायकलकडे आला तो हा अर्थ. त्यात आरामाचा संबंध उपरा आहे. हा शब्द चालीचा आहे.

आणि चालीला मराठीत शब्दांचा तोटा नाही, कारण आपण घोड्यावरचे लोक. दुडकी आहे, चौखूर आहे, भरधाव आहे, आणि फार्सीतून आलेली रवाल आहे: घोड्याची संथ, सलग, बसणाऱ्याला न हिंदकळवणारी चाल, लांबच्या मजलेसाठी. क्रूझर जे करते ते नेमकं हेच. पण ‘रवालगाडी’ छापून मोकळे व्हा असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक विचारेल, ही कुठल्या कंपनीची? नाव क्रूझरच ठेवा आणि वर्णनात ‘लांब पल्ल्याची’ लिहा. टूरिंगसाठी हा शब्द तयार आहे, रोज एसटी स्टँडवर कानावर पडतो. पहिल्यांदा लिहिताना मात्र ‘क्रूझर मोटारसायकल’ असं पूर्ण लिहा. आपल्या जिल्ह्यात नुसतं ‘क्रूझर घेतली’ म्हटलं तर समोरचा ट्रॅक्स क्रूझर ही जीप समजतो आणि विचारतो, ‘वडापला लावणार काय?’, म्हणजे भाड्याने माणसं न्यायला.

हीच चाल लक्षात ठेवून टॉर्ककडे, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराकडे, या, कारण तिथे तुमच्या गॅरेजातच शब्द पडलाय: ओढ. उसाच्या दोन ट्रॉल्या मागे लावून चढ चढणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल ‘इंजिनाला ओढ आहे’ म्हणतात, तीच ही. ‘४००० फेऱ्यांना २७ न्यूटन-मीटर ओढ’ हे वाक्य कुणालाही कळेल; फेऱ्या म्हणजे इंजिनाच्या, मिनिटाला. हा आकडा रॉयल एनफील्डच्या सध्याच्या ३४९ सीसी इंजिनाचा आहे. पत्रकात एक गोष्ट मात्र जपून लिहा. ‘स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) लांब म्हणून ओढ जास्त’ असं सर्रास सांगतात, आणि ते अर्धवट आहे. सीसी तेवढेच ठेवून स्ट्रोक वाढवला तर क्रँकचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचा, हात लांब होतो हे खरं, पण बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, लहान होतो, म्हणजे स्फोटाला दाबायला पिस्टनचा माथाही लहान. एकीकडे मिळालं ते दुसरीकडे गेलं.

फरक पडतो तो ओढ कुठल्या फेऱ्यांना मिळते यात. जुन्या ३४६ सीसी बुलेटचा बोर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, नव्या ३४९ चा ७२ आणि ८५.८. याच्या शेजारी केटीएमची ३७३ सीसीची ड्यूक ठेवा: बोर ८९, स्ट्रोक ६०. अगदी उलटा हिशेब. लहान बोरमध्ये व्हॉल्व्ह लहानच बसतात, त्यामुळे इंजिनाचा श्वास कमी फेऱ्यांना चांगला चालतो आणि वर गेलं की कोंडतो. वर नेणंही परवडत नाही. ड्यूक ९००० फेऱ्यांना फिरते तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटर असतो. ८५.८ मिलिमीटरचा स्ट्रोक त्याच फेऱ्यांना फिरवला तर तो २५ मीटरच्या वर जाईल, आणि पुढचं काय ते तुम्हीच बघाल, इंजिन उतरवून. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, कार्बोरेटर किंवा इंजेक्शन, गिअरचे दात, सगळं खालच्या फेऱ्यांसाठी जुळवलेलं असतं. जोडीला जड फ्लायव्हील: गती धरून ठेवणारं, गिअर न बदलता गाडीला एका चालीत ठेवणारं.

तुमच्याकडचा आणखी एक शब्द छापायला लाजू नका: बीड. पूर्वीच्या बुलेटचं सिलिंडर बिडाचं, ओतीव. शौकीन मंडळी त्या इंजिनाला ‘सीआय’ म्हणतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावात रोज वितळलेला रस साच्यात ओतला जात असताना कोल्हापूरकराने कास्ट आयर्नची आद्याक्षरं का घोकावीत?

फायरिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या त्या ठोकेबाज आवाजाबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. ‘फायरिंग’ राहू द्या, ते आता मराठीच आहे. मात्र एकेक स्फोट सांगायचा असेल तर ‘ठोका’ म्हणा. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एक ठोका. गाडी ९०० फेऱ्यांवर उभी असेल तर मिनिटाला ४५० ठोके, सेकंदाला साडेसात. कान ते जवळजवळ सुटे सुटे ऐकतो, म्हणून ती डुगडुग. ३००० फेऱ्यांना सेकंदाला २५ होतात आणि त्यांची घरघर बनते. दोन सिलिंडरमध्ये ठोके कसे वाटून दिलेत त्यावर आवाज ठरतो. हार्लेचं व्ही इंजिन ४५ अंशांचं, दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर. त्यामुळे एक ठोका क्रँक ३१५ अंश फिरल्यावर आणि पुढचा ४०५ अंशांनी पडतो, तो ओळखीचा लंगडा ताल. रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिअर ६५० चे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे असले तरी क्रँक २७० अंशांची आहे, म्हणून ठोके २७० आणि ४५० अंशांवर. दोन्ही पिस्टन एकदम वरखाली होणारी जुनी ३६० अंशांची पद्धत ठेवली असती तर ठोके सारख्या अंतराने पडले असते आणि आवाज सपाट झाला असता.

‘अभिजात’ला माझा सरळ नकार. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तो शब्द जरा जास्तच फिरतोय. त्यात काळाच्या कसोटीवर टिकल्याचा दावा आहे, आणि परवा शोरूममधून निघालेल्या गाडीला तो कसा लावणार? थेंबाच्या आकाराची टाकी, गोल हेडलाइट, चाकाला कवेत घेणारे मडगार्ड, तारांची चाकं, हे दिसायला जुनं. आत मात्र प्रदूषणाच्या बीएस ६ नियमांपायी आलेलं फ्युएल इंजेक्शन आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना सक्तीचं झालेलं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. याला मराठीत नेमकं ‘जुन्या घाटणीची’ म्हणतात. दागिन्यांना म्हणतो, भांड्यांना म्हणतो, तसंच. घाट जुना, म्हणजे घडण जुन्या वळणाची. माल जुना असायलाच हवा असं तो शब्द म्हणत नाही.

आता मापं. व्हीलबेसला ‘आसांतर’ म्हणा. बैलगाडीचा आस अजून कोणी विसरलेलं नाही, आणि दोन आसांमधलं अंतर हाच व्हीलबेसचा अर्थ. सुपर मीटिअरचं आसांतर १५०० मिलिमीटर, सीट जमिनीपासून ७४०, वजन २४१ किलो. स्प्लेंडरचं आसांतर १२३६, सीट ७८५, वजन ११२. चालवून न बघताही या सहा आकड्यांवरून दोघींच्या चाली ओळखता येतात.

रेक आणि ट्रेल समजावून सांगायला दोरी आणि ओळंबा पुरे. गाडी सरळ उभी धरा. कोनसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमधून) जाणाऱ्या टीच्या, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या, रेषेत दोरी ताणून, चाकाच्या बाजूने जमिनीपर्यंत न्या आणि खडूने खूण करा. मग पुढच्या आसातून ओळंबा सोडा, दुसरी खूण करा. दोरी आणि ओळंबा यांच्यातला कोन म्हणजे रेक, आणि दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक जमिनीला टेकतं ती जागा दोरीच्या खुणेच्या मागे असते, म्हणून ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखं ते आपोआप सरळ रांगेत येतं. क्रूझरला फोर्क जास्त कललेला, बऱ्याचदा ३० अंशांच्या आसपास. त्यामुळे ट्रेलही लांब. महामार्गावर हँडल नुसतं धरलं तरी गाडी रेघ सोडत नाही. महाद्वार रोडच्या गर्दीत मात्र तेच हँडल जड होतं आणि वळवलं की एका बाजूला पडू बघतं. गगनबावड्यापुढे करूळ घाटाच्या वळणांवर फूटरेस्ट रस्त्याला घासतं, तो दोष वेगळा: गाडी बसकी असण्याचा.

रेकला ‘कल’ छान बसतो. ट्रेलला ‘पिछाडी’ सुचवावंसं वाटतं, अर्थाने चोख आहे, पण ‘या गाडीची पिछाडी लांब’ वाचून लोक मागची सीट बघायला लागतील. ट्रेल ट्रेलच राहू द्या. मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला तुम्ही ‘चिमटा’ म्हणता, तोच छापा. सॅडलबॅगलाही जुना शब्द आहे: पडशी, दोन बाजूंना दोन तोंडं असलेली, बैलाच्या पाठीवर किंवा खांद्यावर टाकायची.

शेवटी लिंगाचं. क्रूझर ‘ती’च, मोटारसायकल आणि गाडी दोन्ही स्त्रीलिंगी असल्यामुळे. अनेकवचनाला ‘क्रूझर्स’ नको: ‘दारात दोन क्रूझर उभ्या होत्या’. आणि ‘क्रूजर’ लिहू नका. मराठीत ज चे दोन उच्चार आहेत, जहाजातला आणि जिवातला, आणि वाचणाऱ्याने दुसरा धरला तर नावच बदलतं. झ लिहिला की ती शंका बरीच कमी होते.